आठ नंबरचे बूट

मी फौजेत एकोणीस वर्षं कुत्री सांभाळली. हे सांगितलं की बेळगावच्या खडेबाजारातले लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय करत होता? मी ट्रॅकर डॉगचा हँडलर होतो. माणूस कुठून गेला हे कुत्रा नाकाने वाचतो आणि हँडलर कुत्र्याला वाचतो. एवढंच काम. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि काकतीला घरी आलो. आता बेळगावातल्या फ्लॅटमधली लाडावलेली लॅब्राडोर माझ्याकडे शिस्त शिकायला येतात. शिस्त खरं तर मालकांना शिकवायची असते, पण तसं तोंडावर बोलता येत नाही.

दरवर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी ही मंडळी आपापली कुत्री घेऊन माझ्याबरोबर भैरोबाच्या डोंगरावर येतात. संकेश्वर मागे टाकून निपाणीच्या अलीकडे हायवे सोडायचा आणि पश्चिमेला वळायचं. आमच्या भागात त्याच्याएवढा उंच डोंगर नाही. माथ्यावर गेलं की मोबाईल कधी कर्नाटकात असतो, कधी महाराष्ट्रात, आणि बहुतेक वेळा कुठेच नसतो.

पायथ्याच्या गावातला दत्ता माझ्या पोस्टवरचा सिपाही होता. भरतीच्या आधी दोन वर्षं तो रोज पहाटे ह्या डोंगरावर धावायचा. तो चोवीसाव्या वर्षी गेला. त्याच्यासाठी आम्ही चढतो. त्याचे वडील तुकाराम आप्पा गेल्या सालापर्यंत आमच्या पुढे चालायचे. वय तेव्हा चौऱ्याहत्तर, शेतात तंबाखू आणि ऊस, कानाने बरेच कमी, पायाने आमच्यातल्या कुणापेक्षाही पक्के. सांगतोय ती गोष्ट गेल्या सालची. दत्ता गेल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

शनिवारी १८०० वाजता माझ्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. फौजेत ह्याला ओ ग्रुप म्हणतात, आमचे वकीलसाहेब ह्याला मीटिंग म्हणतात आणि माझी बायको चहाचा कार्यक्रम म्हणते. रिपोर्टिंग ०४३०. हायस्कूलवर शिकवणाऱ्या सुनंदाक्कांकडे फर्स्ट एड आणि एक वॉकीटॉकी, दुसरी माझ्याकडे. सगळी कुत्री पट्ट्यावर. आदल्या साली दोघंजण नाजूक सँडल घालून आले होते आणि ओल्या गवतावर आपटले होते, म्हणून ह्या खेपेला मी फौजी कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी तपकिरी कॅनव्हास बूट आणले होते. बारा जोड, एक रंग, एक मेक.

वकीलसाहेबांना ते पसंत पडले नाहीत.

"अण्णा, माझे ट्रेकिंगचे बूट हायत की. पोरानं पुण्यास्नं पाठवल्यात."

"त्ये कोर्टात घाला. उद्या सगळ्यांचे एकसारखे."

त्यांना आठ नंबर लागला. आप्पांनाही आठच. मी जोड वाटले आणि मनातून फार खूश झालो. बारा सिव्हिलियन एका बुटात चालणार ह्याचा फौजी माणसाला काय आनंद होतो, ते सिव्हिलियनला कळायचं नाही.

रविवारी ०६१५ वाजता पायथ्याला पोचलो. आप्पा वाट बघत उभे होते, बरोबर त्यांचा गावठी कुत्रा शेऱ्या. आप्पांनी पायताण काढून नवे बूट घातले, दोन पावलं चालून बघितले.

"ह्यो बूट हाय का कापूस?"

"पट्टा कुठं हाय शेऱ्याचा?" मी मोठ्याने विचारलं.

"शेऱ्याला पट्टा? त्यो काय साहेबाचा हाय व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. पट्ट्याचा हुकूम मी सगळ्यांना दिला होता, पण आप्पांना हुकूम द्यायची माझी छाती नव्हती. ही त्या दिवशीची पहिली चूक, आणि ती माझी.

०६३० ला निघालो. पुढे आप्पा आणि शेऱ्या, मागे मी आणि माझी तारा. तारा आईकडून लॅब्राडोर, बापाकडून काकतीची. दिसायला यथातथा, पण नाक असं की फौजेत असती तर मी तिच्यासाठी भांडलो असतो. सगळ्यात शेवटी वकीलसाहेब आणि त्यांचा ब्रूनो. पहिल्या चढालाच ब्रूनो बसला. वकीलसाहेबांनी त्याला समजावलं, बिस्कीट दिलं, शेवटी हात जोडले. ते माणसाळलेलं धूड काही उठेना. मग शेऱ्या मागे येऊन त्याच्या कानाजवळ एकदाच भुंकला आणि ब्रूनो थेट दुसऱ्या टप्प्यापर्यंत पळाला.

०९०० च्या सुमारास धुकं उतरलं. परतीच्या पावसाने गवत कमरेएवढं झालं होतं आणि निसरडं होतं. ०९४० ला देवळाशी पोचलो. शेऱ्या सोडून बाकी कुत्री आवारात बांधली. पायऱ्यांशी सगळ्यांनी बूट काढले. मी ते एका ओळीत लावून घेतले, टाचा भिंतीला, नाडे आत. दर्शन झालं, नारळ झाला. दत्ताच्या नावाने दोन मिनिटं उभे राहिलो. मग देवळामागच्या ओवरीत भाकरी, झुणका आणि ठेचा. सातही कुत्र्यांना भाकरी. लोक जेवून हात धुवायला जात-येत होते.

१०२५ ला निघायची वेळ. सगळ्यांनी बूट घातले. मी माणसं मोजली. अकरा.

पुन्हा मोजली. अकराच.

"आप्पा कुठं गेले?"

सुनंदाक्कांनी इकडेतिकडे बघितलं. "शेऱ्या बी दिसंना, अण्णा."

बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ म्हणाले, "शेऱ्या कशाच्या तरी मागं पळाला, आणि आप्पा त्याला हाका मारत देवळामागं गेले. झाली की पंधरा-वीस मिनिटं. मला वाटलं, आले असतील."

देवळामागे कातळाचं पठार आहे. दोनशे पावलं गेलं की कडा. कड्याला कठडा नाही. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, अनवाणी, आणि हाक मारली तर ऐकू न येणारा. आम्ही एकदा सगळ्यांनी मिळून हाक मारली. मग मी ती बंद करवली. त्यांना ऐकू जाणार नव्हतीच, आणि लोक आवाजाच्या भरात पुढे सरकायला लागले होते.

एक मुलगा ज्या घरातून गेला त्या घरात मी आता जाऊन काय सांगणार होतो?

पायरीशी बुटांचा एकच जोड उरला होता. आठ नंबर. मी ताराला सोडवून आणलं, लांब पट्टा लावला आणि तो बूट तिच्या नाकाशी नेला. आणि हात तिथेच थांबला.

का थांबला ते सांगायला पाहिजे.

दत्ता गेला त्या वर्षी आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. अठरा माणसं आणि एक डॉग. डॉगचं नाव हिरा, हँडलर मी. दसरा झाला आणि बर्फ वेळेआधी आला. १५४० ला सेंट्री बदलली. दत्ता ड्युटी संपवून बंकरकडे निघाला. अंतर साठ मीटर. वारा असा की हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसत नव्हता. १५५० पर्यंत तो आला नाही. साहेबांनी वायरलेस सेटवर विचारलं, "दत्ता पहुँचा?" बंकरमधून उत्तर गेलं, "नहीं साहब." बस्स.

बंकरमध्ये बुखारीभोवती सगळ्यांचे जादा बूट वाळत असायचे. आमच्या बुखारीत रॉकेल जळायचं आणि तिच्याजवळची जागा सोन्यासारखी. प्रत्येकाची जागा ठरलेली. दत्ताची डावीकडून तिसरी. मी तिथला बूट उचलला, हिराला दिला आणि म्हणालो, "शोध." हिरा बाहेर पडला, वाऱ्यात नाक वर केलं आणि सरळ कुकहाऊसमध्ये शिरून नाईक शिवाच्या पुढ्यात बसला. मला वाटलं, डॉग थंडीने बावचळला. परत नेला, परत तोच बूट दिला. परत शिवा. मी हिराला शिवी दिली. आयुष्यात त्याला दिलेली ती एकच शिवी. तिसऱ्या खेपेला शिवाने माझ्या हातातल्या बुटाकडे बघितलं.

"अण्णा, त्यो बूट माझा हाय. माझं भिजल्यालं. दत्तानं त्याची जागा दिली मला. म्हनला, तू ठेव, माझं वाळल्यात."

बावीस मिनिटं गेली होती. मग मी दत्ताच्या उशीची खोळ दिली. हिराने त्याला सात मिनिटांत काढला. बंकरच्या खालच्या अंगाला, गुडघे पोटाशी घेऊन, बर्फात. तो गेला होता. नंतर मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, बावीस मिनिटं आधी मिळाला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. भला माणूस होता तो.

आप्पांना मी सांगितलं, हिराने लगेच शोधला. नऊ वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो आणि दरवेळी तो 'लगेच' तसाच राहू देत होतो.

तर मी बूट खाली घेतला आणि ओरडलो.

"फॉल इन! सगळ्यांनी एका रांगेत. आपापल्या बुटात हात घालून बघा. बूट आपलाच हाय का?"

लोक गोंधळले, पण रांगेत आले. खाली वाकले. वकीलसाहेब वाकलेले वर येईनात. वर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"अण्णा, माझ्या बुटात बायकोनं जाड सोल घातला हुता. ह्यात न्हाय."

मी हातातला बूट बघितला. आत जाड निळा सोल. म्हणजे पायरीवर उरले होते ते वकीलसाहेबांचे बूट, आणि आप्पांचे वकीलसाहेबांच्या पायात. मी तो बूट ताराला दिला असता तर तिने दोन ढांगांत वकीलसाहेबांना शोधून दिलं असतं. बारा जोड एकसारखे आणायची हौस माझी. बूट मिसळले तर काय होतं हे अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात मला सगळ्यात जास्त माहीत, आणि आत कुणाचं नाव घालायला मीच विसरलो. स्वतःचा राग आला. पण राग करायला वेळ नव्हता.

"काढा त्ये."

"माझा वास लागला असंल की त्याला?"

"लागला असंलच. त्याचा इलाज हाय."

ट्रेनिंगला आमच्या उस्तादांनी एक काम शिकवलं होतं. वस्तूला दोघांचा वास असेल तर हजर असलेली सगळी माणसं डॉगला आधी हुंगू द्यायची आणि मग वस्तू द्यायची. वस्तूत आहे पण रांगेत नाही, असा जो वास उरतो त्याच्या मागे डॉग जातो. उस्ताद ह्याला 'गैरहाजिर' म्हणायचे. ताराला मी हे घरी नातवंडांबरोबर खेळता खेळता शिकवलं होतं. खेळात ती कधी चुकली नव्हती. पण खेळात कडा नसतो.

मी ताराला रांगेवरून नेलं. सुनंदाक्का, बँकवाले, एकेक करून सगळे. वकीलसाहेबांपाशी तिला मुद्दाम जास्त वेळ थांबवलं. ते डोळे मिटून उभे होते. शेवटी माझा हात. मग आप्पांचा बूट.

"तारा. शोध."

तिने बुटात नाक घातलं. रांगेकडे बघितलं, परत बुटाकडे. एक गिरकी घेतली. आणि निघाली.

"कुणी जागचं हलायचं न्हाय. सुनंदाक्का माझ्यासंगं. दुसरा सेट वकीलसाहेबांकडं." वेळ १०४८.

देवळामागे तारा पठारावर गेली, कड्याच्या दिशेने. पन्नास पावलं, सत्तर, शंभर. माझ्या हातातला पट्टा घामाने ओला झाला. ट्रॅकिंगचा नियम आहे, डॉगला ओढायचं नाही. मी ओढलं नाही. एकशेवीस पावलांवर ती थांबली, गोल फिरली आणि डावीकडे वळून गवतात शिरली. चिखलात एक उघडं पाऊल उठलं होतं. टाच खोल. उतरणाऱ्या माणसाचं.

मी सेट तोंडाशी धरला. "वन फॉर टू. कड्याकडं न्हाय. दक्षिणेला घळीत उतरतोय. ओव्हर."

"व्हय अण्णा."

"ओव्हर म्हना."

"व्हय अण्णा, ओव्हर."

करवंदीच्या जाळीतून बसून बसून उतरलो. सुनंदाक्कांची ओढणी काट्यात फाटली, त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. ११३२ ला तारा एका दगडावर थांबली आणि बसली. खालून कुत्रं केकाटल्याचा आवाज आला.

आप्पा दहा फूट खाली एका कपारीत बसले होते. उजवा पाय घोट्यापाशी वाकडा, तळवे रक्ताने भरलेले. मांडीवर शेऱ्या. रानडुकरासाठी कुणीतरी लावलेल्या तारेच्या फासात शेऱ्याचा पुढचा पाय अडकला होता. तो सोडवायला आप्पा उतरले आणि घसरले.

"आलास व्हय? शेऱ्याचा पाय सोडीव आधी."

मी फास कापला. सुनंदाक्कांनी दोन काठ्या लावून आप्पांचा घोटा बांधला. मी सेटवर सांगितलं, सगळे पट्टे, दोन लांब बांबू आणि घोंगडी घेऊन चार माणसं पाठवा. कुत्री देवळातच ठेवा.

"कुत्री मोकळीच ठिवायची का? ओव्हर."

"ब्रूनोला राखण बसवा. ओव्हर."

माणसं येईपर्यंत पाऊण तास होता. आप्पा दुखणं दाखवत नव्हते. ताराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लगीच सापडलो की रं. आमच्या दत्तासारखा."

माझ्याने राहवलं नाही.

"आप्पा, दत्ता लगेच न्हाय सापडला."

"काय म्हनलास?"

त्यांना ऐकू आलं नव्हतं. नऊ वर्षं जे कुणाच्या कानात बोललो नव्हतो, ते मला त्या घळीत ओरडून सांगावं लागलं. बूट, बुखारी, शिवा, बावीस मिनिटं. सगळं. सुनंदाक्का पलीकडे तोंड करून बसल्या. मी बोलायचा थांबलो तेव्हा आवाज बसला होता आणि मी रडत होतो. फौजी माणूस रडला वगैरे काही नाही, माणूस रडला.

आप्पा शेऱ्याचा पाय चोळत राहिले.

"जागा त्येनं दिलती?"

"व्हय."

"घरात बी असाच. थंडीत चुलीपुढली जागा भनीला द्यायचा आन् आपुन दाराशी कुडकुडायचा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लबाड बोललास माझ्याशी. नऊ वरसं. त्येचा राग हाय मला. त्यो ऱ्हाईल."

"व्हय आप्पा."

"त्यो शिवा कुठं असतोय?"

"खानापूरकडं. रिटायर झालाय. कुनाशी बोलत न्हाय. माझा फोन बी उचलत न्हाय."

"का?"

"बूट त्याचा हुता म्हनून."

आप्पांनी कपाळावरचा चिखल पुसला. "येडं हाय का काय ते पोरगं. त्येला घिऊन ये म्होरल्या साली."

सगळे पट्टे दोन बांबूंना विणून त्यावर घोंगडी टाकली आणि आप्पांना खाली आणलं. वकीलसाहेबांनी पुढचा बांबू कुणालाही दिला नाही. घाईत पायात परत आप्पांचेच बूट चढवले होते, खांद्याची सालटी निघाली तरी सोडला नाही. १५१० ला पायथा.

शिवाने माझे फोन घेतले नाहीत. शेवटी मी स्वतः गेलो. तो बांधावर बसला होता, मला बघून उठून आत निघाला. मी मागून एवढंच म्हणालो, "आप्पांनी बोलावलंय. मी सगळं सांगितलंय." तो उभा राहिला. त्या दिवशी 'येतो' म्हणाला नाही, पण ह्या रविवारी ०४३० ला माझ्या दारात उभा होता.

बूट ह्या सालीही एकसारखेच आहेत, मी सुधारणाऱ्यातला नाही. फक्त आत पांढऱ्या रंगाने नावं आहेत, वकीलसाहेबांनी स्वतः घातलेली.

पायथ्याला आप्पा दारात घोंगडीवर बसले होते. घोटा जुळला, पण डोंगर आता त्यांना जमत नाही. शिवा सगळ्यांच्या मागे, दवाच्या गवतात उभा होता. कुणीतरी वाट करून दिली. तो पुढे येऊन आप्पांच्या पायाशी वाकला आणि वर उठेना.

आप्पांनी त्याला दंडाला धरून शेजारी बसवलं. मग खाली बघितलं.

"भिजल्यात की रं बूट. काढ."

शिवाला समजलं नाही. आप्पांनी स्वतःच वाकून त्याचे नाडे सोडले, बूट काढले आणि काठी टेकत आत नेऊन चुलीजवळ ठेवले.

"वाळूपतोर बस हितं."

आम्ही वर गेलो. भैरोबापुढे नारळ फोडला, रांगेत उभे राहिलो आणि मी नाव घेतलं, सिपाही दत्ता तुकाराम, वय चोवीस. १४०० ला उतरलो तेव्हा बूट कधीच वाळले होते. शिवा अजून आप्पांशेजारी बसला होता, आणि आप्पा त्याला दत्ताचं लहानपण सांगत होते.